काकडांशिवाय शेवळं

टोकावड्याच्या बाजारात ओळखीची बाई भेटली की हमखास म्हणते, "तुझी मजा हाय बाय, बोटीवर असतेस!" मला अशी चीड येते म्हणून सांगू! बोट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं देव जाणे. माझ्या डोळ्यांसमोर येतो गॅसचा सिलिंडर.

शहापूर आणि मुरबाड या आमच्या दोन तालुक्यांच्या मधोमध एक धरण आहे. त्याच्या काठावर मुंबईच्या एका शेठचं फार्महाऊस आणि पाण्यात त्यांची बोट. दोन खोल्या, वर बसायला गच्ची आणि मागच्या अंगाला माझं किचन. किचन कसलं, दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. दिवाळीत पाणी फार्महाऊसच्या पायरीशी असतं. मग ते मागे मागे सरतं, त्याच्यामागे बोट जाते आणि बोटीमागे आम्ही. मे महिन्यात पायरीपासून बोटीपर्यंत नुसता भेगाळलेला गाळ. त्यावरून मी आणि बोट चालवणारा, दोघांनी सिलिंडर न्यायचा, बर्फाच्या पेट्या न्यायच्या, पिण्याच्या पाण्याचे जार न्यायचे. चहूकडे पाणी, आणि भाताला लागणारं पाणी मात्र डोक्यावर! खरकटं पाणी धरणात ओतायचं नाही असा नियम आहे, तो बरोबरच आहे. पण बादल्या भरभरून ते काठावर परत कोण नेतं, हे वर गच्चीत बसून सरबत पिणाऱ्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही.

पाहुण्यांतलं एक माणूस कांदा खात नाही, दुसरं भात खात नाही, तिसऱ्याला सगळं चालतं पण तेल नको. दुपारी वारा सुटला की बोट डुलते, आणि मी एका हाताने पातेलं धरून दुसऱ्या हाताने पोळी लाटते. पाहुणे असले की शेठची बायको, म्हणजे मॅडम, मला 'आमच्या शेफ' म्हणतात. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की लगेच 'मावशी, ती बाथरूम पण बघून घ्या.' बोटीवर यायच्या आधी मी टोकावड्याला रस्त्यावरच्या ढाब्यावर भाकऱ्या थापायचे. घाटात जाणारे ड्रायव्हर ताट पुढे करून 'ताई, अजून एक' म्हणायचे, आणि जेवण आवडलं तर निघताना सांगून जायचे. तिथे मला कुणी शेफ म्हटलं नाही, पण माझं ऐकायचे.

तर मे संपत आलेला. पावसाळ्यात बोट बंद ठेवतात, त्याआधीचा शेवटचा रविवार होता. मॅडमनी फोनवर सांगितलं, "मावशी, या वेळी काहीतरी जंगलातलं पाहिजे. एकदम ऑथेंटिक."

वळवाचे चार शिंतोडे पडून गेले होते, म्हणजे रानात शेवळं, पहिल्या पावसाला मातीतून वर येणारे भाजीचे कोंब, आली असणार. फार्महाऊसच्या मागे टेकडीवर कातकरी वाडी आहे. तिथली एक म्हातारी, मी तिला काकी म्हणते, टोपली घेऊन रोज शेठच्या जमिनीतून खाली एसटीच्या थांब्यावर जायची. ती वाट शेठच्या फार आधीची. शेठने जमीन घेतली, कुंपण घातलं, पण मागचं फाटक उघडं ठेवलं, आणि त्याचं कौतुक आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं. ते फाटक नसेल तर वाडीतल्या बायांना सगळ्या पाण्याला वळसा घालून जावं लागतं. डोक्यावर टोपली घेऊन चांगला दीड तास.

काकीने शेवळांच्या जुड्या दिल्या आणि पानात बांधून काकडं दिली. काकडं म्हणजे झाडावरची बारकी, हिरवी, आंबट फळं. शेवळाला खाज असते. काकडं ठेचून त्यांच्या पाण्यात शिजवलं की ती जाते. माझं माहेर डोळखांबकडचं, मला हे चालायला लागल्यापासून ठाऊक. तरी काकी म्हणालीच, "यांच्याबिगर शिजवू नको गो."

रविवारी मॅडम बोटीवरच्या किचनच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी एक काकड दाताखाली धरलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "बापरे, हे नको. मी व्हिडिओ बघितलाय, आपण बटर आणि क्रीममध्ये करू."

मी म्हटलं, "मॅडम, खाज सुटेल."

"मावशी, तुमच्या गावच्या समजुती असतात. नीट उकळलं की सगळं मरतं." एवढं बोलून त्यांनी पानाचा पुडा खिडकीतून बाहेर टाकला. काकडं पाण्यावर तरंगत राहिली.

इथे मी खरं काय ते लिहिणार आहे. मला दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. पातेलं खाली उतरवून 'मी हे वाढणार नाही' म्हणता आलं असतं. शेवळाच्या आतल्या दांडीचा पिवळा भाग मी काढून टाकला, दोनदा उकळून पाणी ओतलं, पण तेवढ्याने भागत नाही हे मला पक्कं माहीत होतं. आणि मी मनात म्हटलं, खा मग! एकदा घसे खाजू देत. समजुती म्हणे!

मी क्रीमवर कोथिंबीर भुरभुरवून ते गच्चीवर नेलं.

तिसऱ्या-चौथ्या घासाला एक पाहुणे खाकरले. मग त्यांची बायको. मग सगळेच जीभ बाहेर काढून पाणी मागायला लागले. मॅडमचे डोळे पाण्याने भरले. मला आधी हसू आलं, ते मी पदराआड दाबलं, आणि धावत जाऊन कोकमाचं पाणी केलं. तासाभरात सगळे बरे झाले. पण तोपर्यंत कुणीतरी विषबाधा हा शब्द उच्चारला होता, आणि शेठचा चेहरा उतरला होता.

"भाजी कोणाकडून घेतली?" शेठने विचारलं.

मी म्हटलं, "वाडीतल्या काकीकडून. भाजी चांगली होती. काकडं घातली नाहीत म्हणून खाजली. मॅडमनी ती टाकून दिली."

मॅडमनी घसा खाकरला. "मावशी, शेफ तुम्ही आहात ना? तुम्हाला माहीत होतं, तर वाढलं कशाला?"

माझा संताप अजून त्या प्रश्नावर आहे, कारण तो विचारणारी बाई तोंडाने लबाड होती आणि प्रश्न खरा होता. शेठने मात्र दोघींकडेही पाहिलं नाही. घरची बाई चुकली असं पाहुण्यांसमोर कसं म्हणायचं? मला काढलं तर सिलिंडर कोण उचलणार? राहिली कोण, तर जी तिथे नव्हती ती. "त्या बाया उद्या अजून काही आणून विकतील," शेठ म्हणाला. सोमवारी मागच्या फाटकाला कुलूप लागलं.

फाटक उघडा म्हणून सांगायला मी दोनदा शेठला फोन केला. एकदा तो मीटिंगमध्ये होता, एकदा म्हणाला, "मावशी, तो विषय संपला." कोणाचा संपला?

आठवड्याभराने मी बोटीवरची भांडी काढून आणायला गेले, तेव्हा काकी मला थांब्याजवळ दिसली. वळसा घालून आली होती, पाय पोटरीपर्यंत गाळाने भरलेले. टोपली रिकामी होती. मला वाटलं भाजी विकून झाली.

"नाय गो, शेवळा आनली नाय, तुलाच इचारायला आले," ती म्हणाली. मग माझा हात धरून हळूच विचारलं, "कुलूप लावनारा म्हनला, तुझी भाजी बाधली. माझ्या टोपलीत दुसरा काय आला व्हता का? आमी उरलेला माल परत परत बघितला. सुनेला दाखवला. माझा डोळा गेला काय गो? मी आता रानात कशाला हातच लावत नाय."

तिचं सगळं आयुष्य रानात गेलं. पानावरून, वासावरून, मातीतून वर आलेल्या नुसत्या कोंबावरून ती भाजी ओळखते. आणि ती म्हातारी माझ्यासमोर उभी राहून मला विचारत होती की तिला आता शेवळ ओळखता येतं का.

"काकी, तुझी भाजी चांगली होती," मी म्हटलं. "मॅडमनी काकडं फेकली. मी तशीच शिजवली."

"तुला म्हाईत नव्हता?"

"माहीत होतं."

"म्हाईत व्हता, आनि तू वाढलास?"

"त्यांची जिरवायला," मी म्हटलं.

तिने माझा हात सोडला. शिवी देईल असं वाटलं, द्यायला हवी होती. तिने टोपली उचलून डोक्यावर ठेवली, वर टेकडीकडच्या कुलूपबंद फाटकाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "त्यांचा घसा तासात बरा झाला गो. माझी वाट गेली."

आणि ती पाण्याच्या कडेकडेने चालायला लागली.