कायदेबाई आणि पंधरा दिवस

कायदेबाई कोणाला कधी नाही म्हणाल्या नाहीत. त्या वाचायला लावत. कोणी छुट्टी मागायला गेलं की नियमांचं जाडं पुस्तक उघडायच्या, ओळीवर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "वाच. मोठ्यानं वाच." मग आपला नकार आपणच, सगळ्या मास्तरणींच्या देखत, घडाघडा वाचायचा. ऐकताना बाई डोळे मिटून घेत.

काशीतल्या आमच्या सरकारी कन्याशाळेच्या त्या मुख्याध्यापिका. मुली त्यांना बडी बहनजी म्हणत. कायदेबाई हे नाव आम्हा मास्तरणींचं. लहानपणीच विधवा झालेल्या, मंगलागौरीच्या देवळापाशी एका खोलीत एकट्या राहणाऱ्या. तपासणीला आलेल्या मडमेलाही त्यांनी एकदा कलम वाचायला लावलं होतं. ती गोष्ट आम्ही मोठ्या मिजाशीनं सांगत असू आणि लगेच त्यांच्या नावानं बोटं मोडत असू. मला त्या आवडत. हे कबूल करायला मात्र मला म्हातारपण यावं लागलं.

माझ्या नेमणुकीचा हुकूम आला तो नेमका पितृपक्ष लागला त्या दिवशी. सासरे राजा घाटावरचे भिक्षुक. "पितृपक्षात नवं काम धरतात का कुठं? सर्वपित्री होऊ दे, घटस्थापनेला जा," म्हणाले. नवरा पाठशाळेत शिकत होता, सासऱ्यांचे यजमान दिवसेंदिवस कमी होत होते, आता माझ्याच पगारावर चूल पेटायची होती. तरी मी मुकाट्यानं पंधरा दिवस श्राद्धाचे वडे तळत बसले. रुजू व्हायला गेले तेव्हा बाईंनी हुकुमावरची तारीख पाहिली.

"पितरांची सोय झाली. तुझी कोण पाहणार?"

मला तो नुसता खवचटपणा वाटला.

पुढच्या भाद्रपदात मला नववा लागला. पाय असे सुजले की वहाणा चढेनात. दाईनं बजावलं, "बहूजी, अब खटिया से मत उठना." मी बाईंकडे गेले. पुस्तक उघडलं.

"वाच."

मी वाचलं. बाळंतपणाची पगारी रजा सुरू होईल त्या दिवशी नोकरीला पुरं एक वर्ष झालेलं असावं, आणि ते वर्ष रुजू झाल्या तारखेपासून धरावं. त्याच्या आत बाई घरी बसली तर तिचं नाव कमी करावं. मला पंधरा दिवस कमी पडत होते.

"बाई, पंधराच दिवस हो."

"तेच पंधरा. हुकूम आला तेव्हाच आली असतीस तर आज घरी पडली असतीस."

"हजेरीवर तुम्हीच दस्तखत करा ना माझी. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना. वर्ष पुरं कर. एक दिवस चुकलीस तर नोकरी गेली."

वर्गात खुर्ची ठेवायची नाही, हा बाईंचा स्वतःचा कायदा. "बसलं की झोप येते, आणि झोपेची तनखा सरकार देत नाही," असं त्या म्हणत. माझ्यासाठीही त्यांनी खुर्ची दिली नाही. माझा वर्ग तेवढा न बोलता माडीवरून खाली आणला. रोज शाळा सुटताना माझ्या सुजलेल्या पायांकडे बघून सांगायच्या, "अजून नऊ." "अजून सहा." शेवटच्या दिवशी दुसऱ्या तासालाच कळा सुरू झाल्या. मी फळ्याला धरून उभी राहिले आणि बाई दारात. शेवटची घंटा होईपर्यंत दोघींपैकी कोणीच हललं नाही. बाहेर डोली त्यांनी सकाळपासून आणवून ठेवली होती.

मुलगा झाला. रडला नाही. दाई म्हणाली, पंधरा दिवस पडून राहिली असती तर वाचला असता. खरंखोटं देव जाणे. मी मात्र ते खरं धरूनच जगले आहे.

चौथ्या दिवशी बाई आल्या. सुतकाच्या त्या दिवसांत आमच्या घरचं पाणीसुद्धा कोणी घेत नव्हतं. सासरे ओसरीवर होते. बाईंनी त्यांना विचारलं, "भटजी, आता मुहूर्त बघून रडायचं, का आत्ताच?" मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मग त्या सरळ माझ्या बाजेवर येऊन बसल्या आणि एक कागद पुढं केला. दुधानं माझी चोळी भिजली होती. त्यांनी ती पाहिली आणि नजर काढून घेतली नाही.

"मला नको ती छुट्टी," मी म्हणाले. "मूल कुठंय?"

"वाच."

मी वाचलं. तीन महिने, पुऱ्या पगारानं.

"मूल जगलं पाहिजे असं लिहिलंय कुठं?"

"नाही."

"मग तुझी आहे. घे."

मी घेतली. तीन महिने आमचं सारं घर त्या पगारावर जेवलं. मीही जेवले.