बारीत न धरलेला महिना

वडील गेल्यावर माझ्या दोन भावांनी वाटणी केली. शेत वाटलं, बैल वाटले, घराच्या मधून भिंत घातली. मग आईचं निघालं. पंचांनी ठरवलं, एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे, अमावस्येला बारी बदलायची. चैत थोरल्याचा, वैशाख धाकट्याचा, असे बाराही महिने वाटून टाकले. आईला विचारलं तर ती म्हणाली, "दोन्हीकडं माहेच पोरं आहेत, मले काय." मी दाराआड उभी होते. मलाही त्यात वावगं काही दिसलं नाही. पुष्कळ घरी तसंच चालायचं.

धोंड्याचा महिना मात्र कोणाच्याच ध्यानात आला नाही.

साठ सालानंतरची गोष्ट आहे. वाटणी झाल्यावरचा पहिला अधिक महिना आला, तो जेठ. या महिन्यात जावयाला बोलावून अनारसे खाऊ घालायची आमच्याकडे रीत आहे. थोरल्या भावाचा निरोप आला आणि घाटंजीकडच्या आमच्या गावाहून आम्ही दोघं निघालो. यवतमाळला मोटर बदलून बाभुळगावला उतरलो. तिथून माहेरचं गाव पायवाटेनं जवळच. ऊन फार होतं. आमचे मालक भरभर पुढे गेले, मी डोईवर पदर घेऊन मागून चालत होते.

वेशीजवळ मारुतीचं देऊळ आहे. पायरीच्या सावलीत एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. एका बाईनं तिच्यापुढे अनारसे ठेवले, वर दिवा ठेवला, नमस्कार केला आणि गेली. धोंड्यात असं दान देतात. मी देवाला हात जोडायला वळले आणि पाहिलं तर ती माझी आई होती.

तिला दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू होते. समोर कोणी उभं आहे एवढंच तिला कळलं.

"दान ठेवायचं असंल तं इकडं ठेव, माय. तिकडं मुंग्या आहेत."

"मी आहो, माय," मी म्हटलं.

तिनं चटकन दिवा बाजूला ठेवून ते अनारसे पदराखाली घेतले. "जवाई आले का? त्याइले इकडं नको आणू."

"तू इथं काहून बसली?"

"हा महिना कोणाच्याच बारीत नाही. निघून जाईन हाही. गल्लीतल्या बाया भाकर आणून देतात. तू जेवाले जाय, तुही भावजय वाट पाहत असंल."

मी तशीच घरी गेले. थोरल्याच्या ओसरीवर पाट मांडले होते. दोघे भाऊ एरवी एकमेकांशी बोलत नसत, पण जावयासाठी त्या दिवशी एकत्र बसले होते. भावजय अनारसे वाढत होती. चार पुरुषांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. दाराच्या चौकटीला धरून म्हटलं, "माय देवळात बसून आहे. लोकाइचं दान खाऊन राह्यली."

थोरला म्हणाला, "मले मालूम आहे. माहा महिना निज जेठ, हा धोंड्याचा नाही. तो लागला की आणतो."

धाकटा म्हणाला, "म्या वैशाखाच्या अमावस्येपर्यंत जेवू घातलं. विचार तिले, एक सांज तरी उपाशी ठेवलं का."

दोघंही खरं बोलत होते. कोणाचा आवाज चढला नाही, कोणी मान खाली घातली नाही. शेताच्या धुऱ्या-बांधाबद्दल बोलावं तसं बोलत होते.

मालकांनी ताट पुढे सरकवलं. "दोन पोरं असून म्हातारी दान खाते?"

"दोन काहून? तीन म्हणा, जवाईबुवा," धाकटा हसला. शेताच्या भांडणापायी त्याच्या यवतमाळच्या कचेरीत खेपा चालत. "छप्पन सालापासून कायदा झाला. म्हाताऱ्या मायबापाले पोसणं पोरावर तसं पोरीवरही आहे. वकिलानं सांगतलं मले. आता बाई चौथी शिकली आहे आमची, तिनं तं वाचलाच असंल."

"मंग वाटणीच्या दिवशी पोरीले धराले हा कायदा कुठं गेलता?" मालक म्हणाले.

धाकट्यानं दुसरा अनारसा उचलला. मी चौकटीलाच उभी होते. कायद्यात माझ्यासारखीलाही धरलेलं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तेही असं, थट्टेत.

न जेवताच आम्ही देवळात आलो. मालक आईला म्हणाले, आमच्याकडे चला. ती ऐकेना. "धोंड्यात जावयाले द्यावं लागते. या महिन्यात तुमचं खाल्लं तं पाप कोणाले लागन?" तिच्या पुढे बोलायची सोय नव्हती. मग मालक म्हणाले, "यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात चाला. डोळे फुकट करून देतात, जेवणही तिथलंच."

आईनं गाठोड्याची गाठ आवळली. मग म्हणाली, "सरकार काही माहा जवाई नाही. चाला."

दवाखान्यात डॉक्टरांनी पापण्या उघडून पाहिलं. म्हणाले, "उजवा गेला. मोतीबिंदू पिकून आतच फुटला. आधी आणलं असतं तर वाचला असता. डावा मात्र लगेच करू." उन्हाळ्यात डोळा कापत नाहीत असं आम्ही ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाले, थांबलात तर हाही जाईल.

मी बाहेर येऊन आईला विचारलं, "फुकट होते तं याइनं कधी आणलं काहून नाही?"

"जवळ एक माणूस राहावं लागते ना. ज्याची बारी त्यानं राहावं. हा म्हणे त्याच्या महिन्यात होईन, तो म्हणे याच्या." एवढं सांगून तिनं विचारलं, "तुही शेती खोळंबली असंल?"

मी भिंतीला टेकून बसले. एक डोळा असा गेला होता, आणि तिला माझ्या शेतीची काळजी होती.

डोळा कापल्यावर दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, काही चावायचं नाही. मी तिला चमच्यानं पातळ खिचडी भरवत असे. भरवता भरवता धाकट्यानं थट्टेत काढलेला कायदाही तिला सांगितला. घास ओठाबाहेर सांडला की ती म्हणायची, "लहानपणी तू अशीच थुंकत होती." पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यासमोर जाड भिंग धरलं. तिनं माझा पदर हातात घेतला. "हे निळं आहे? मले तं राखेसारखं दिसत होतं."

सुट्टी मिळायच्या दिवशी थोरला भाऊ आला. निज जेठ लागला होता. बैलगाडीत कडबा पसरून त्यावर वाकळ अंथरली होती, म्हातारीला धक्के लागू नयेत म्हणून. त्यानं तिचं गाठोडं उचललं. "चाल माय, माही बारी लागली."

आईनं त्याच्याकडे त्या एका डोळ्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, "धाकटा म्हणत होता तो कायदा, पोरीवरही आहे म्हणून, तो खरा आहे का वो?"

मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "खरा आहे," मी म्हटलं.

"मंग हा तुहा उपकार नाही. जावयाचाही नाही." तिनं थोरल्याच्या हातातून गाठोडं घेतलं. "धोंडाही सरला. घाटंजीची मोटर कुठून निघते?"

थोरला तिथेच उभा राहिला. "पण बारी माही आहे," तो म्हणाला. आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत तो तेच म्हणत होता, आणि त्याला काय चुकलं ते खरंच कळलं नव्हतं.