पाच बायांची हजेरी

पियानोबाईंना कुणाचंच कौतुक नव्हतं. देवाचंसुद्धा जेमतेम. वैजनाथाच्या पायऱ्या उतरताना त्या म्हणायच्या, "देव लई चांगला हाय, पण बसला कुठं येऊन, तर ह्या गावात." त्यांचा खालचा ओठ एका बाजूला असा मुडपलेला असायचा, की समोरच्याला आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटावं. मी परळीच्या त्या शाळेत हंगामी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्याकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "नव्या बाई का? मागच्या नव्या बाई सहा महिने टिकल्या." त्यानंतर आम्ही सात वर्षं एकत्र काढली, पण त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मी 'नव्या बाई'च राहिले.

शाळेत पियानो होता, हे आज कुणाला पटत नाही. निजामाच्या काळातल्या कुठल्याशा साहेबाचा, मोमिनाबादच्या छावणीतला, लिलावात संस्थेला मिळालेला. संस्थेनं तो घेतला शोभेसाठी. त्यावर फुलदाणी होती आणि सचिवांचा सत्कार स्वीकारतानाचा फोटो. बाई हैदराबादेत पियानो शिकून आलेल्या. त्यांनी आल्या आल्या फुलदाणी खिडकीत ठेवली आणि फोटो उलटा करून कपाटात टाकला. थर्मल वीजकेंद्राची राख रोज पट्ट्यांवर बसायची, ती त्या रोज सकाळी फडक्यानं पुसायच्या आणि पुसता पुसता गावाचा उद्धार करायच्या. दोन पट्ट्या मुक्या होत्या. "ह्या आपल्या स्टाफरूममधल्या," त्या म्हणायच्या. "किती बी दाबा, आवाज निघायचा न्हाई." मी खो खो हसायचे. त्या दोनांत एक मी होते, हे मला फार उशिरा कळलं.

बाईंना एक प्रश्न विचारायची खोडच होती. लग्नात, बारशात, कुठंही गाणं कानावर पडलं की विचारायच्या, "चाल कुणाची?" लोक सांगायचे, पारंपरिक. की बाईंचा ओठ मुडपलाच. "पारंपरिक म्हणजे बाईची. बाप्याची असती तर सात पिढ्या नाव लावून मिरवला असता." मग त्या वही काढायच्या आणि चुलीपुढं, जात्यापुढं, कापसाच्या शेतात जाऊन छडा लावायच्या. असा पिच्छा पुरवून त्यांनी पाच बाया शोधल्या, ज्यांनी स्वतः चाली बांधल्या होत्या आणि ज्यांची नावं त्यांच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

त्यातली एक दगडूमामांची आई, गयाबाई. दगडूमामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पाठवणीच्या वेळी ते जी चाल धरायचे ती ऐकून परळीपासून तेलगावापर्यंत एकही नवरीची आई कोरड्या डोळ्यांनी राहिली नसेल. ती गयाबाईनं आपल्या लेकीच्या लग्नात बांधली होती. बाईंनी मामांना गाठलं आणि म्हणाल्या, "तुमी क्लॅरिनेट, मी पियानो. पाच बायांच्या पाच चाली. प्रत्येकीच्या आधी तिचं नाव."

मामा म्हणाले, "बाई, आमी रस्त्यानं वाजवणारी माणसं. स्टेजवर काहून बसवता?"

"कारण तुमच्या वरातीतली गाढवं तरी ताल धरत्यात," बाई म्हणाल्या. "आमच्या संस्थेत तेवढं बी न्हाई."

दोन महिने तालीम चालली. पियानो उतरलेला, म्हणून मामा क्लॅरिनेटचा सांधा जरासा बाहेर ओढून सूर खाली आणायचे. चूक झाली की बाई पट्ट्यांवर मूठ आपटायच्या, आणि बरोबर आलं की काहीच बोलायच्या नाहीत. ते न बोलणं हीच शाबासकी, हे मामांना माझ्या आधी कळलं. निवेदनाचं काम बाईंनी मला दिलं. एका कागदावर पाच नावं लिहून दिली. "एवढंच वाचायचं. शेरोशायरी नको," म्हणाल्या. गयाबाई तेव्हा ऐंशीच्या पुढं होत्या. दोनदा शाळेच्या फाटकापाशी येऊन मला विचारून गेल्या, "माय, माजं नाव भोंग्यातून येनार म्हंत्यात, खरं हाय का?"

ते दिवस गावात नवा पैसा खुळखुळायचे होते. घराघरावर केबल आली होती. कार्यक्रमाला शीतपेयाच्या एका एजन्सीनं बॅनर दिला. त्यावर बाटली माणसाएवढी आणि पाच बायांची नावं मुंग्यांएवढीसुद्धा नव्हती, कारण ती नव्हतीच. पहिल्या रांगेत गादीच्या खुर्च्या, त्यावर सचिव आणि सचिवांनी आणलेले साहेब. आधी साहेबांचा सत्कार, मग साहेबांच्या हस्ते सचिवांचा, मग ज्यांचा राहिला त्यांनी रुसू नये म्हणून त्यांचा. शाली संपल्या तेव्हा एकदा दिलेली शाल मागून आणून पुन्हा दिली. बायांच्या संगीताचं महत्त्व यावर साहेब पाऊण तास बोलले. त्यात बाई ही माय असते, यापलीकडं मला एक वाक्य सापडलं नाही. त्या सगळ्या रांगेला गाणं आणि गिरणीचा भोंगा यातला फरक विचारला असता तर त्यांनी समिती नेमली असती.

बाई पियानोपुढं, मामा बाजूला, बँडचा लाल कोट घालून. मी माइकशी गेले तोच सचिव खुर्चीतून वाकून म्हणाले, "मॅडम, नावं-बिवं सोडा. साहेबांना जायचंय. पारंपरिक म्हना आन् उरका." मला कायम करायच्या मान्यतेचा कागद त्यांच्या सहीसाठी अडला होता. मी शेवटच्या रांगेकडं पाहिलं. नवं लुगडं नेसून, एक हात कानामागं धरून गयाबाई बसल्या होत्या.

मी म्हणाले, "आता सादर होत आहेत काही पारंपरिक चाली."

बाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग वाजवलं. दोघांनी असं वाजवलं, की साहेब उठून गेले तरी कुणी वळून पाहिलं नाही. पाठवणीची चाल आली तेव्हा मागच्या रांगांतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. क्लॅरिनेटनं हाक मारायची आणि पियानोनं खालच्या आवाजात समजूत घालायची, असं चाललं होतं. माझे मात्र कान जळत होते.

संपल्यावर गयाबाई माझ्यापाशी आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "लई ग्वाड झालं माय. माजं नाव कवा आलं? मला ऐकाया आलं न्हाई, कान गेले माजे."

मी म्हणाले, "आलं की, आजी. पहिलंच आलं."

त्या खूश होऊन गेल्या. बाई मागंच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "रोज साठ पोरांची हजेरी घेता," त्या म्हणाल्या, "पाच बायांची घ्यायला जीभ झडली? आन् वर म्हातारीच्या कानांवर ढकललंत." मला वाटलं त्या ओठ मुडपतील. त्यांनी तेही केलं नाही. आठवड्यानं माझा कागद सही होऊन आला. तेवढ्याच किमतीला मी विकली गेले होते, आणि मला स्वतःची आजही किळस येते.

निवृत्त होऊन बाई भावाकडं गेल्या. मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. गयाबाई त्याआधीच वारल्या होत्या. बाई गेल्याचं कळलं तेव्हा शाळेनं शोकसभा ठेवली. सचिव आता काठी टेकत होते, पण बोलायची हौस तेवढीच होती. बाईंचं नाव त्यांनी दोनदा चुकवलं. मग मला म्हणाले, "मॅडम, दोन शब्द. आटोपशीर."

मी पर्समधून तो कागद काढला. घड्यांवर फाटलेला, पण अक्षर बाईंचं, ठसठशीत. मी बाईंबद्दल एक शब्द बोलले नाही. हजेरी घेतात तसं एकेक नाव वाचलं. तेलगावच्या शेवंताबाई. परळीच्या बांगडीवाल्या रहिमतबी. कपिलधारच्या वाटेवर बेल विकणाऱ्या महानंदाबाई. कोंडाबाई. सचिव घड्याळ बघायला लागले. मी थांबले नाही.

"गयाबाई," मी म्हणाले, माइकमधून, जरा मोठ्यानं.

मागच्या भिंतीशी दगडूमामा उभे होते. बँड केव्हाच मोडला होता, लाल कोटही नव्हता. त्यांनी टोपी काढली, हात वर केला आणि पोरं देतात तशी ओ दिली, "हाय जी."