मायची सोनोग्राफी

काउंटरवरच्या बाईनं पोछा माझ्या मायच्या पायांपुढे फेकला.

"साफ कर लो. दूसरे पेशंट को बैठना है."

माय बाकाजवळ उभी होती. साडी मागून ओली. बाकाखाली ओल पसरलेली. लघवी. लिहिताना मी अजूनही दुसरा शब्द शोधते, पण तो शोधायचा नाही असं ठरवलंय. सोनोग्राफी सेंटरच्या थंडगार हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, माझ्या मायला लघवी झाली होती. तिनं पदर तोंडावर ओढला आणि पोछा उचलायला वाकली.

माय पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये घडीवर होती. तयार साड्यांच्या घड्या घालायच्या, दिवसभर उभं राहून. तिथं बायकांचा संडास लांब, आणि गेलं की सुपरवायझर घड्याळ बघतो. म्हणून घडीवरच्या बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. नवी बाई आली की साडीच्या आधी तिला हे शिकवतात. मायही शिकवायची. तहान लागली की तोंडात बडीशेप धरायची.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. अंगावरून जायला लागलं, ते थांबेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गाठ असावी, म्हणाल्या. ऑपरेशन लागेल, पण आधी सोनोग्राफी. बाई चांगल्या होत्या, मायशी सावकाश बोलल्या. तिथली सोनोग्राफी फुकट. तारीख मात्र दोन महिन्यांनंतरची. माय तर जिना चढताना भिंत धरत होती. ओठ पांढरे पडले होते. तारीख देणाऱ्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बाहर करा लो. एक दिन में हो जाएगा."

बाहेरचा दर मी कोसाडच्या आमच्या खोलीत येऊन सांगितला. माझ्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची फी डब्यात ठेवलेली होती. वडील लूमच्या पाळीला निघताना म्हणाले, "डबा काढ." तेवढंच.

मी गावाकडे पारोळ्याला मामाकडे राहून शिकले. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. गुरुजींनी, मामीनं, पुस्तकं देणाऱ्या संस्थेनं जे दिलं, ते मी विसरलेली नाही. विसरणारही नाही. पण त्यातून हात जोडायची सवय लागली. त्या दिवशीही काउंटरवर मी हात जोडले. "नमस्ते, मॅडम. थँक यू." पैसे मीच देत होते आणि आभारही मीच मानत होते.

नंबर अकरा वाजताचा होता. आम्ही आठलाच पोचलो. सरकारी दवाखान्याची सवय. तिथं उशिरा गेलं की दिवस जातो. काउंटरवरची बाई म्हणाली, "पानी पी के बैठो. बाथरूम नहीं जाना." मायनं तिथल्या तिथं बाटली संपवली. मी पुन्हा भरून आणली, तीही संपवली. आपण तयार दिसलो तर लवकर बोलावतील, असं आम्हा दोघींना वाटलं. पाणी तासभर आधी प्यायचं असतं, हे कुणी सांगितलं नाही. आम्हाला विचारायचं सुचलं नाही.

अकरा वाजले. गाडीतून उतरलेली एक बाई थेट आत गेली. मग डॉक्टरांच्या ओळखीचे कुणी काका. मग आणखी कुणी. मी काउंटरवर गेले की एकच उत्तर.

"बैठो ना, बेन. बुलाएंगे."

माय आधी हसली. "मिलमा दिवसभर दम धरस मी," म्हणाली. मग तिचं हसणं थांबलं. ती बाकाची कड धरून बसली. कपाळावर घाम.

"आते नही ऱ्हावात, बेटा."

तिला आता धरवत नव्हतं. मी बाथरूमकडे धावले. कुलूप. चावी काउंटरवर.

"जाके आई तो फिर से नंबर लगेगा. पैसा भी फिर से."

मायनं ते ऐकलं. माझ्याकडे बघून मान हलवली. नको. पोटात गाठ, अंगावरून जातंय, आणि माझी माय पैसे दुसऱ्यांदा भरावे लागू नयेत म्हणून दात आवळून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढंच केलं. थोड्या वेळानं ते झालं.

मग पोछा.

"तू शांत ऱ्हाय," माय वाकता वाकता म्हणाली. "मी पुशी टाकस. गरज आपली शे."

मी तिचा दंड धरला. तिला सरळ उभं केलं. पोछा तिच्या हातातून घेतला आणि काउंटरवर ठेवला, त्या बाईच्या मोबाईलशेजारी.

"ये नहीं पोछेगी. पैसे दिए हैं. पहले इसका करो."

एक माणूस शेजारच्याला म्हणाला, "मराठी है. झगडा तो करेंगे ही." दोघं हसले. एका गरोदर मुलीची सासू मात्र उठली. "अमारो नंबर एने आपी दो," ती काउंटरला म्हणाली. आमचा नंबर हिला द्या. काउंटरनं ऐकलं नाही. मी आतल्या दारासमोर जाऊन उभी राहिले.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मायकडे नाही.

"पढ़ी-लिखी दिखती हो. फिर ये तमाशा क्यों?"

मला हिंदी सुचेना. मी मराठीतच म्हणाले, "माझी आई अकराला आत हवी होती. ती का नव्हती, ते सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. पुन्हा पैसे मागितले नाहीत, एवढंच. मायला पुन्हा पाणी पाजलं, पुन्हा ओल्या साडीत बसवलं, सगळ्यांच्या शेवटी आत घेतलं. रिपोर्ट हातात आला तेव्हा सरकारी दवाखान्याची ओपीडी बंद झालेली. ऑपरेशनच्या डॉक्टरांचा वार पुढच्या आठवड्यात. तो आठवडा मायनं कसा काढला, ते मला लिहिता येत नाही.

रिक्षात ती एकच वाक्य बोलली. "तू बोलनी म्हनीसन त्यासनी आपले शेवटले घेतं."

मी बोलले म्हणून आम्हाला शेवटी घेतलं, हे खरं असेल.

ऑपरेशन झालं. सरकारीतच, फुकट. त्या डॉक्टरीणबाईंच्या मी पाया पडले, आणि पुन्हा पडेन. माय घडीवर परत गेली नाही, तिला उभं राहवत नाही. माझी पदवी वर्षभर लांबली. त्या सेंटरवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण आम्हाला तिथं पाठवलं कुणी, हा विचार मला फार उशिरा आला. मशीन सरकारी दवाखान्यात होतं. दुखणंही समोर होतं. दोन महिन्यांची तारीख मी ऊन-पावसासारखी मान्य केली, आणि खिडकीवरच्या माणसाला धन्यवाद म्हणून घरी आले.

आता मायसोबतच्या घडीवरच्या बाया माझ्याकडे येतात. परवा एक आली, माझ्याच वयाची. तेच दुखणं, तीच तारीख. कानातली फुलं मोडून बाहेर सोनोग्राफी करणार होती, सोबत येतेस का विचारत होती. मी म्हटलं, आधी खिडकीवर जाऊ. तिथं तोच माणूस.

"बाहर करा लो."

"दोन महिने का लागतात ते लिहून द्या," मी म्हणाले. "खाली सही करा."

तो हसला. मग त्यानं साहेबांना बोलावलं. साहेब ओरडले. मागच्या रांगेतल्या बायकाही आमच्यावरच ओरडल्या, त्यांनाही घाई होती. काही न मिळता आम्ही परत आलो. ती वाटेत रडली. मी तिला धीर दिला नाही, कारण खोटा धीर तिला परवडणारा नाही.

सोमवारी आम्ही पुन्हा जातोय. घडीवरच्या चार-पाच जणी दिवसाची मजुरी बुडवून सोबत येणार आहेत. मागणी एकच: तुमच्या त्या मशीनवर हिची सोनोग्राफी करा, नाहीतर का करत नाही ते सहीनिशी द्या. सोमवारी दिलं नाही, तर मंगळवारी.