हिरव्या पट्ट्यांचा शनिवार

आमच्या लोणार तालुक्यातल्या शाळेत टॅब आले, त्या दिवशी त्यांना हार घातले होते. पाहुण्यांना घालून हार फारसे उरले नाहीत, म्हणून दोन टॅबना मिळून एक. भाषणात सांगितलं गेलं, की आता प्रत्येक मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे धडा मिळेल. यंत्र मुलाला ओळखेल. मी सहावीचा वर्गशिक्षक. मुलांना ओळखायचं काम तोवर माझ्याकडे होतं. ते गेल्याचं मला दुःख झालं नाही. यंत्रानं रजिस्टरंही भरावीत, एवढीच माझी अपेक्षा होती.

यंत्रानं उलट नवं रजिस्टर आणलं. दर शनिवारी प्रत्येक मुलाच्या नावापुढं पट्टी उमटे. अभ्यास झाला तर हिरवी, नाही तर लाल. रेंज मिळे ती फक्त वऱ्हांड्याच्या टोकाला, तीही तिच्या मनात आलं तर. मुख्याध्यापकांनी युक्ती काढली. वर्गात एक मुलगी होती, आईबरोबर आठवडी बाजारात भाजी विकणारी, गणितात आम्हा दोघांच्याही पुढं. पासवर्ड सगळ्यांचा एकच, कपाटाच्या दारावर खडूनं लिहिलेला. शनिवारी ती वऱ्हांड्यात बसून एकेकाच्या नावानं अख्ख्या वर्गाचा अभ्यास करून टाकी. तिला टॅब चार्ज करून देणारा मीच. तिचं स्वतःचं नाव हजेरीत शेवटचं. तिथवर येईस्तोवर शाळा सुटे.

मग पत्र आलं. बुलढाण्याला आठ दिवसांचं गणिताचं शिबिर, शाळेतून एकच मूल, निवड टॅबमधलं अ‍ॅप करणार. मुलीनं आईला राजी केलं, कपड्यांची पिशवीसुद्धा शिवून घेतली. यादीत पहिला आला हजेरीतला पहिला मुलगा, जो दिवाळीपासून आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता. गैरहजेरीत त्यानं केलेली प्रगती अ‍ॅपच्या मते असाधारण होती. मुलीच्या नावापुढं शेरा होता : दुसरीची पातळी, विशेष लक्ष द्यावे.

“सर, मी दुसरीत आहो काय?” तिनं विचारलं.

मी मुख्याध्यापकांना म्हणालो, “खरं कळवून टाकू.”

“कळवा ना. काय लिहिता? खोटं भरून राह्यलो होतो म्हून? दोघाईले घरी बसवतीन.”

यादी अजून कच्ची होती, त्याच दिवशी पाचला बंद होणार होती. तोवर तिनं स्वतःच्या नावानं वर चढायचं, एवढाच रस्ता उरला. यंत्रानं तिला टोपलीतले आंबे मोजायला लावले. ती वजाबाकी, गुणाकार, अपूर्णांक करत अर्ध्या तासात सहावीत पोहोचली. पडद्यावर आलं : गती संशयास्पद, मोठ्यांची मदत घेतलेली दिसते. पुन्हा दुसरी. पुन्हा आंबे.

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. मुलगी म्हणाली, “मधात चुकवा लागते, सर. माह्यं सोताचं होतं म्हून सगळं नीट केलं.”

“चुकवा लागते म्हणजे?”

“सगळ्याईचं चुकवतो मी. नाई त हे मानत नाई. ज्याले जे येत नाई, त्याचं तेच चुकवतो. ऊसतोडीवाला हातचा इसरते. खिडकीजवळचीले सातचा पाढा येत नाई. तिच्या बाजूचीले शून्य आलं का घाम फुटते…”

अशी तिनं वर्गातल्या एकेकाची नस सांगितली. निम्म्या गोष्टी मला ठाऊक नव्हत्या.

मग ती पुन्हा बसली. थांबली, विचारात पडल्यासारखं केलं, मोजून सात चुका केल्या. यंत्राची खात्री पटली. पाचच्या आत तिचं नाव ऊसतोडीवाल्याच्या वर होतं.

अभिप्रायाच्या रकान्यात मुख्याध्यापकांनी लिहिलं, की आमच्या शाळेत प्रत्येक मुलाकडे व्यक्तिशः लक्ष दिलं जातं. मी खाली सही केली. खोटं त्यात काही नव्हतं. लक्ष कोण देतं, ते विचारलेलं नव्हतं.

ती बुलढाण्याला गेली. त्या शनिवारी आमचा अख्खा वर्ग लाल झाला.