रिलक्टंटचा अर्थ

दहावीला आम्हाला इंग्रजी शिकवणारे सर होते तुसडे, पण शिकवायला वाघ. रोज पुस्तकाबाहेरचे पाच अवघड शब्द फळ्यावर लिहायचे आणि प्रत्येकाचं वाक्य घरून करून आणायला सांगायचे. वाक्य आपल्याच गावातलं, आपल्याच घरातलं पाहिजे. "द किंग वॉज जेनरस" असं कुणी लिहिलं की वही भिरकावायचे. "राजा येतो का रे तुझ्या घरी जेवायला? शेजारच्या म्हातारीवर लिही!" त्यामुळं 'स्कॅर्स' म्हटलं की आमच्या वह्यांत पाण्याचा टँकर यायचा आणि 'ऑब्स्टिनेट' म्हटलं की कुणाची तरी म्हैस. मला हे लई आवडायचं. मनातलं सगळं मी बिनधास्त इंग्रजीत लिहायची. घरात वाचणार कोण होतं?

मनात राग होता, तो बाबांवर. दुष्काळाचं साल, आई-बाबा दोघंही पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला जायचे. दहावी झाली की मीही टोपली उचलायची, आणि पाऊसपाणी बरं झालं की लग्न, असं घरात ठरत आलं होतं. कॉलेज होतं नळदुर्गला, फाट्यावरनं एसटी धरून जायचं. "पोरगी एकटी हायवेला? न्हाय जमायचं," एवढंच बाबा म्हणायचे. मी भांडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. माणूस ढिम्म हलेना! म्हणून फळ्यावर 'रिलक्टंट' आला तेव्हा मी लिहिलं, माय फादर इज रिलक्टंट टू सेंड मी टू कॉलेज. सरांनी बरोबरची खूण केली.

परीक्षेआधी एका बाजारादिवशी, तलावाच्या कामाला सुट्टी बघून, सरांनी सगळ्यांच्या आईबापांना बोलावलं. शाळेत एवढी जागा कुठली, म्हणून दूध सोसायटीच्या शेडमध्ये. दूध आटलंच होतं, रिकामे कॅन बाजूला सारून लोक बसले. प्रत्येकानं वहीतलं एक वाक्य वाचायचं आणि त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. वाक्य कोणतं, ते सर ठरवणार.

माझी पाळी आली. सरांनी माझी वही उघडली आणि बोट ठेवलं, ते नेमकं त्याच वाक्यावर. मेले, म्हटलं!

इंग्रजी घडाघडा वाचून टाकलं. पण मराठीत कसं सांगू? बाबा पुढंच बसले होते, धुतलेला सदरा घालून, ताठ मानेनं. राग केवढाही असला, तरी सगळ्या गावात बापाची शोभा करायची? जीभ रेटेना. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे.

"माझे वडील मला कॉलेजात घालायला उतावीळ झालेत," मी म्हणाले.

चुकीच्या अर्थाला सरांची छडी ठरलेली. ते माझ्याकडं बघतच राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बरोबर," म्हणाले. "बस खाली."

टाळ्या पडल्या. सोसायटीचे चेअरमन बाबांना म्हणाले, "वा! बाप असावा तर असा." बाबांनी नुसती मान हलवली.

घरी जाताना मी बाबांच्या मागनं चालत होते. गाव मागं पडल्यावर बांधापाशी थांबले.

"खरा अर्थ सांग."

"तोच की, बाबा."

"मला इंग्रजी येत न्हाय, पर लेक वळखता येती. खोटं बोलताना कान वढतीस तू."

माझा हात अजून कानालाच होता. सांगून टाकलं. रिलक्टंट म्हणजे मन तयार नसलेला. आता कानाखाली बसणार, म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर बाबा पुढं चालायला लागलेले. मी धावत गाठलं.

"चुकलं माझं, बाबा."

"चुकलंच. गावाम्होरं खोटं बोललीस," बाबा म्हणाले. "आन म्या बी मान हलीवली. आता ते खरं करणं माझ्याच गळ्यात आलं न्हवं?"

मला रडूच फुटलं. बाबांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

"फाट्यावर पयली एसटी कितीला येती, काय म्हाईत हाय का?"

"सव्वासातला," मी डोळे पुसत म्हणाले. आठवीपासून पाठ होतं मला.