राखाडीच्या पानावर न लिहिलेली ओळ

रंगाच्या कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. खरं तर त्यांनी कुणालाच कधी काही शिकवलं नव्हतं. एकतीस वर्षं ते छटा जुळवण्याच्या टेबलावर होते. गिऱ्हाईक फरशीचा तुकडा आणो की जुन्या दाराचा टवका, मास्तर थेंब थेंब मिसळत तोच रंग हुबेहूब उभा करत. मग वाळलेली पट्टी पाठीमागे धरून उठत, कुठेतरी जाऊन येत आणि म्हणत, "झालं." लोकांना वाटे, पाय मोकळे करून आले. मास्तर जात जिन्याजवळच्या उत्तरेच्या खिडकीशी. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, हे त्यांच्या उस्तादांनी त्यांना चार वर्षं बादल्या धुवायला लावून मग सांगितलं होतं.

पुढे कंपनीने सात देशांतल्या कारखान्यांसाठी इंटरनेटवर एक सामाईक वही उघडली. ज्याला जे येतं ते त्याने पानावर लिहायचं, इतरांनी खाली विचारायचं, सुधारायचं.

"मास्तर, डोक्यातलं उतरवा," साहेब म्हणाले. "तुम्ही गेल्यावर आम्ही काय करायचं?" साहेबांना निवृत्ती म्हणायची होती, पण मास्तरांनी उगाच छातीला हात लावला आणि सगळे हसले.

घरी मास्तर सांगत गेले, बायको टाइप करत गेली. राखाडी रंगाचं पान संपलं तशी ती म्हणाली, "खिडकीचं राहिलं. साधं कापड घेताना दुकानाच्या दारात नेऊन बघता तुम्ही."

"सगळंच ओतलं तर उद्या मला कोण विचारणार?"

तिने पुढे काही टाइप केलं नाही.

पान गाजलं. कुठकुठून शाबासक्या आल्या. मास्तर रोज सकाळी त्या वाचत आणि दिवसभर जमिनीच्या दोन बोटं वरून चालत.

एके दिवशी एका दूरच्या कारखान्यातल्या बाईने पानाखाली लिहिलं. छटांच्या टेबलावर ती नवी होती. इस्पितळाच्या भिंतींसाठी राखाडी करताना तिला ट्यूबलाइटखाली पट्टी निळसर दिसली, म्हणून पानात लिहिल्याप्रमाणे तिने पिवळा वाढवला. दिवसाउजेडी तीन मजले शेवाळल्यासारखे हिरवट दिसले. "पाचदा ताडून पाहिलं," तिने लिहिलं होतं. "तुमच्या पानात चूक असणं शक्य नाही. माझ्याच डोळ्यांत दोष असावा. आता मला डबे भरायला पाठवलं आहे. तुम्हाला त्रास दिला, क्षमा असावी."

शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "प्रत्येकाला थोडंच जमतं आमच्या मास्तरांसारखं?" सवयीने मास्तर हसले. ते हसू त्यांना ओठांवरून पुसून काढावंसं वाटलं.

घरी आल्याआल्या ते बायकोला म्हणाले, "ती ओळ गुपचूप घालून टाक."

"गुपचूप कशी? कुणी, कधी, काय बदललं ते सगळ्यांना दिसतं."

"मग विसरलो होतो असं लिही."

ती खुर्चीवरून उठली. "तो शब्द मी नाही लिहिणार. तुम्ही बसा."

मास्तर बसले. एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी लिहिलं: "पट्टी उत्तरेच्या उजेडात पाहावी. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मी मुद्दाम लिहिलं नाही. या बाईंच्या डोळ्यांत दोष नाही, दोष माझा आहे." तेच त्यांनी तिच्या साहेबांनाही वेगळं कळवलं.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात मास्तर आले की बोलणं हवापाण्यावर जाई. शेवटी शेजारच्याने विचारलंच, "काय मास्तर, अजून काय काय राहिलंय?" त्यात थट्टा होती, पण मास्तरांनी मान खाली घालून आणखी चार पानं दुरुस्त केली.

पंधरवड्याने तिच्या साहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं. तिला टेबल परत मिळालं होतं. तिने स्वतः काहीच लिहिलं नाही.

आता ती पुष्कळ विचारते, पण इतरांच्या पानांखाली. मास्तर रोज सकाळी ते प्रश्न वाचतात. बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यांना तोंडपाठ असतात. दुसरं कुणीतरी उत्तर देईपर्यंत ते थांबतात, आणि ते बरोबर आहे ना तेवढं पाहून पान मिटतात.